शून्याच्या खालची जमीन

आठवणी लिहिण्याआधी माणसाने आठवणीत राहण्याजोगं काही करावं, अशी माझी अजूनही समजूत आहे. मी तसं काही केलेलं नाही. वजनकाटे आणि तापमापकं दुरुस्त करण्यात कानशिलं पांढरी झाली, एवढंच. आमच्या घराण्यात माझ्याआधी लिहिण्याची परंपरा होती ती मेंढ्यांच्या कानांवर. कुणाची मेंढी ते कळावं म्हणून कानाला एक खाच मारायची. त्या खाचेत मावतं त्याहून जास्त लिहायची आम्हाला कधी गरज पडली नाही. तेव्हा एवढी पानं भरायला बसलो आहे, याबद्दल वाचकांची क्षमा मागतो. मुलगी म्हणते, ‘बाबा, ती मशीनची गोष्ट लिहा, लोक हसतील.’ मी ती गोष्ट कुणी हसावं म्हणून कधी सांगितली नव्हती. पण ऐकणारे हसतात हे खरं, आणि आता सांगताना मलाही गंभीर राहणं जड जातं.

आमची वस्ती जत तालुक्यात, कर्नाटकच्या शिवेला लागून. घरात मराठी चालायची, पण अव्वा, म्हणजे माझी आई, भांडताना आणि मेंढ्या मोजताना कन्नडवर जायची. वस्तीवरच्या घरांना कुलपं नसत. कुलूप असे ते दारापुढच्या पाण्याच्या बॅरलला. ओढ्यापलीकडे टँकरचा हॉर्न वाजला की भांडी, कुत्री आणि मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा सगळ्या एकदम जाग्या होत. आंघोळ घमेल्यात उभं राहून करायची. ते पाणी भांड्यांना जाई, भांड्यांचं पाणी दारातल्या शेवग्याला जाई, आणि शेवगा आमच्या ताटात येई. जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी आणि हुलग्याचं माडगं. माडगं पातळ झालं की समजायचं, टँकर येऊन गेला. चमचा उभा राहील इतकं घट्ट झालं की समजायचं, अजून आलेला नाही. पाण्याची पातळी मोजायचं मी पाहिलेलं पहिलं साधन ते होतं, आणि खरं सांगायचं तर मी पुढे बनवलेल्या साधनापेक्षा ते भरवशाचं होतं.

वडिलांना आम्ही तात्या म्हणायचो. ते शाळेत गेले नव्हते. त्यामुळे शिक्षणावर त्यांची जी श्रद्धा होती, ती शाळेत जाऊन आलेल्या माणसाची राहणं शक्य नाही. रेडिओ खरखरायला लागला तरी ते म्हणत, ‘सिद्धा सुट्टीला आला म्हंजे बगंल.’ मी सुट्टीला येऊन रेडिओ उघडायचो, फुंकर मारून बंद करायचो, आणि तो चालू व्हायचा. आमच्या शिक्षणाची कीर्ती अशा फुंकरीवर उभी होती.

सांगलीला विश्रामबागेत कॉलेजच्या वसतिगृहावर राहायला आलो, तेव्हा पहिले काही दिवस मी नळ चालू करायचो आणि बंद करायचो, काही न धुता. माझ्या खोलीतला रणजित फलटणचा. त्याच्या घरी ऊस, कॅनॉल, शिवाय एक काका फौजेत. तो दात घासताना नळ सोडून ठेवायचा. मी जाऊन बंद करायचो, तो पुन्हा सोडायचा. आमची मैत्री अशी सुरू झाली. ‘गड्या,’ तो म्हणायचा, ‘आमच्याकडं रानातनं पाणी बाहेर काढाय चर खणत्यात, आणि तुमी पाण्यासाठी जमिनीला भोकं पाडताय. देवाला कुणीतरी नकाशा उलटा धरून दिलाय बघ.’ पण मन मोठं. घरून काकवीचा डबा आला की अर्धा माझा.

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाची कल्पना माझीच. ग्रंथालयातल्या एका जुन्या पुस्तकात वाचलं होतं की जमिनीच्या पोटात पाणी फिरतं, झिरपतं, तसा जमिनीत विजेचा अगदी बारीक दाब तयार होतो. दोन ठिकाणी तारा टेकवून तो फरक मोजला, तर खाली काय चाललंय याचा थोडा अंदाज येतो. ‘थोडा’ आणि ‘अंदाज’ हे दोन्ही शब्द त्या पुस्तकात होते. मी ते वाचलेही होते. पण नुसती तार जमिनीत खुपसून चालत नाही. तार स्वतःच खोटी वीज करते. त्यासाठी कच्च्या मातीचं पाझरणारं भांडं लागतं, त्यात मोरचुदाचं पाणी, आणि त्या पाण्यात तांब्याची तार. प्रयोगशाळेचं असं भांडं आम्हाला परवडणारं नव्हतं. मोरचूद मात्र सांगलीत द्राक्षबागांच्या फवारणीसाठी दुकानोदुकानी मिळतो, आणि पाझरणारी भांडी अव्वाकडे होती: संक्रांतीची सुगडं.

‘वाणाच्या सुगडात इख घालतोस?’ अव्वाने विचारलं.

‘विष नाही गं, औषध आहे. द्राक्षाला मारतात ते.’

‘द्राक्षाला मारत्यात म्हंजे मरतंयच की कायतरी,’ ती म्हणाली. पण दोन सुगडं पुसून दिली, आणि वर हळदकुंकू लावून दिली. त्या दिवसापासून आमच्या यंत्राच्या संवेदकावर कुंकू होतं. प्रकल्पाच्या अहवालात याचा उल्लेख नाही.

बाकीचं यंत्र रणजितने आणि मी खोलीत जुळवलं. सुगडांतला बारीक दाब मोठा करायला एक चिप आणि तो आकड्यात बदलायला एक छोटा बोर्ड. या बोर्डातल्या आकडे करणाऱ्या भागाचं काम सोपं असतं. बाहेरून शून्य ते पाच व्होल्टपर्यंत काहीही आलं, की तो त्याची बारीक पायरी मोजतो आणि काचेवर आकडा दाखवतो. कॉलेजच्या मैदानावर आम्ही एक सुगड कंपाउंडच्या कोरड्या भिंतीशी कायमचं ठेवलं, आणि दुसरं घेऊन हिरवळीत फिरलो. माळ्याने नुकतंच पाणी मारलेलं होतं. आकडा टुणकन वर गेला. रणजितने मला उचलून घेतलं.

योगायोगाने त्याच दिवशी तात्या लोकर घेऊन सांगलीला आलेले होते. ते मैदानाच्या कडेला उकिडवे बसून बघत होते. आकडा वाढला तसे ते उठून जवळ आले.

‘पानी दिसतंय व्हय रं ह्याला?’

‘तसं नाही तात्या. पाण्यामुळे जमिनीत विजेचा जो फरक पडतो, तो—’

‘म्हंजे दिसतंय.’

मी अजून दोन वाक्यं बोललो. ती त्यांनी आदराने ऐकली, आणि वस्तीवर परत जाऊन शब्द देऊन टाकला.

तो शब्द काय होता, ते सांगायला हवं. वस्तीने मिळून एक बोअर घ्यायचं ठरलं होतं. एकच, दुसऱ्याचा विचारही कुणाच्या आवाक्यात नव्हता. बोअरची गाडी त्या आठवड्यात आमच्या भागात येणार होती. माझे थोरले चुलते, ज्यांना सगळे नाना म्हणत, त्यांचं म्हणणं पाणाड्या आणावा, त्याने तळहातावर नारळ उभा धरून रान फिरावं, नारळ आडवा पडेल तिथे घ्यावं. बापजाद्यांपासून असंच चाललंय. तात्या म्हणाले, ‘माझा पोरगा जागा दावंल. माझा शबुद.’ आयुष्यात कधी चारचौघांत न बोललेला माणूस बोलला म्हणून वस्ती गप्प बसली. एकटे नाना म्हणाले, ‘शबुद तुजा, पर तहान समद्यांची हाय, एवढं ध्यानात ठिव.’

रणजितला घेऊन मी वस्तीवर पोचलो, तर बिरोबाच्या कट्ट्यापाशी सगळे जमलेले. बायका कडेला, पोरं चिंचेवर. मी पिशवीतून सुगडं काढली आणि सांगितलं की एक भांडं एका जागी कायम ठेवायचं, दुसरं घेऊन फिरायचं. म्हणजे पहिल्यापासून दुसऱ्याचा फरक कळतो.

‘म्हंजे मोजायला सुरवात कुठनं तरी कराय पायजे,’ नाना म्हणाले.

‘हो.’

‘मग इचारतोस काय? देवापास्नं.’

यात वाद घालण्यासारखं मला काही दिसलं नाही. आजही दिसत नाही. आमच्याकडे लग्नाची अक्षता, मेंढरांची लोकर, पहिली भाकरी, सगळं तिथूनच सुरू होतं. पहिलं सुगड कट्ट्याच्या पायथ्याशी, देवाच्या पायाकडे पुरलं. त्या जागी बायका रोज तांब्याभर पाणी घालत. टँकर येवो न येवो, तो तांब्या चुकत नसे. साऱ्या वस्तीत बारा महिने ओली राहणारी तेवढी वीतभर जमीन होती.

मी दुसरं सुगड नानांच्या बांधावर टेकवलं. काचेवर शून्य. थोडं पुढे, शून्य. आमच्या रानात, शून्य. ओढ्याच्या काठाला, पडकात, माळावर, जिथे जाऊ तिथे शून्य. रणजितने तारा हलवल्या, मी बोर्डाला फुंकर मारली. रेडिओ असता तर लागला असता. मागून सगळी वस्ती चालत होती आणि प्रत्येक ठिकाणी पोरं आधीच ओरडत होती, ‘सुन्नं!’

‘बिघडलंय का बघ,’ तात्या हळूच म्हणाले. मी सुगड कट्ट्यापाशी आणून देवाच्या पायाशी टेकवलं. तिथे आकडा हलला. थोडा, पण वर गेला. म्हणजे यंत्र चालू होतं.

‘देवापाशी बोलतंय आणि बाकी समदीकडं सुन्नं,’ नाना म्हणाले. टोमणा मारावा असा त्यांचा आवाज नव्हता. उलट ते एकदम गंभीर झाले होते. ‘आक्क्या शिवारात पानी न्हाई.’

मला याचं अजून नवल वाटतं. तोवर नानांचा त्या यंत्रावर काडीचा विश्वास नव्हता. त्याने पाणी दाखवलं असतं तर त्यांनी शंभर शंका काढल्या असत्या. पण त्याने ‘नाही’ म्हटल्याबरोबर त्यांनी ते देवाचा कौल मानावा तसं मानलं. वाईट बातमीवर विश्वास ठेवायला माणसाला शिक्षण लागत नाही. गाडीवाल्याला निरोप गेला की तूर्त नको. तो म्हणाला, पलीकडच्या गावांची कामं उरकून परत जाताना विचारतो; तेव्हा नाही म्हणालात तर मग यंदा गाडी नाही. त्या संध्याकाळी अव्वाचं माडगं इतकं घट्ट होतं की रणजितला वाटलं ती उसळ आहे. त्याने दोनदा मागून घेतलं, आणि जेवताना पाणी मागायचं टाळलं. फलटणच्या माणसाने केलेला तेवढा त्याग मी दुसरा पाहिला नाही.

सांगलीला परत येऊन मी इनामदार मॅडमना सगळं सांगितलं. आमच्या प्रकल्पाच्या त्या मार्गदर्शक. मला त्यांची भीती वाटे, कारण त्या रागवत नसत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

‘मल्टिमीटर लावून पाहिला होता?’

नव्हता. त्यांनी दोन सुगडं मागवली, एक ओल्या कुंडीत ठेवलं, दुसरं कोरड्या कुंडीत, आणि मीटर लावला. मीटरवर आकडा होता, आणि त्याच्याआधी वजाची एक छोटी आडवी रेघ. मग तेच आमच्या बोर्डाला जोडलं. शून्य.

‘सिद्धाप्पा, हा बोर्ड खोटं बोलत नाही,’ त्या म्हणाल्या. ‘याला शून्याच्या खाली काही असतं, हेच माहीत नाही. उणे व्होल्टेज आलं की तो “मला कळलं नाही” असं म्हणत नाही. शून्य म्हणतो. तुम्ही मोजायला सुरुवात कुठून केली?’

‘देवापासून, मॅडम.’

रणजितने माझ्या पायावर पाय दिला, पण बोलून झालं होतं. मी कट्ट्याची आणि तांब्याची हकिगत सांगितली. कॉलेजात आमचं कायमचं सुगड कोरड्या भिंतीशी होतं, म्हणून बाकी सगळं अधिक आलं. वस्तीवर ते सगळ्यात ओल्या जागी होतं, म्हणून सगळं शिवार त्याच्याहून उणे. आणि जेवढं उणे, तेवढं बोर्डाच्या लेखी काहीच नव्हतं.

‘मग पहिलं सुगड दुसरीकडे ठेवू,’ रणजित म्हणाला.

‘वस्ती ठेवू देणार नाही,’ मी म्हणालो. ‘देवाला सोडून दुसऱ्या कुणापासून मोजणार?’

‘देवाला हलवायची गरज नाही,’ मॅडम म्हणाल्या. ‘शून्याला हलवा.’ त्यांनी कागदावर दोन सारख्या किमतीचे रेझिस्टर काढले, एकाखाली एक. पाच व्होल्ट त्यांच्यावर टाकले की मध्ये अडीच मिळतात. कायमच्या सुगडाची तार जमिनीला नाही, त्या अडीचवर जोडायची. मग फरक काहीच नसेल तर बोर्ड मधला आकडा दाखवतो. अधिक असेल तर त्याच्या वर, उणे असेल तर त्याच्या खाली. नंतर प्रोग्रॅममध्ये तो मधला आकडा वजा करायचा. ‘शून्य म्हणजे तळ नव्हे,’ त्या म्हणाल्या. ‘आपण ठरवतो ती जागा.’

मी पुढे कितीतरी कारखान्यांत कितीतरी काटे याच युक्तीने दुरुस्त केले. ते वाक्य मात्र मला कुठे वापरता आलं नाही. वाकून बसलेल्या फिटरला असं काही ऐकवायला संकोच वाटतो.

दुसऱ्या वेळी गेलो तेव्हा कुणी मागे आलं नाही. तात्या, नाना आणि आम्ही दोघे. सुगड देवापाशी पुरलं, आणि काचेवर वजाचे आकडे यायला लागले. माळाच्या उतारावर एका खडकाळ पट्ट्यात तो आकडा झपकन खाली गेला, आणि पट्टा ओलांडला की पुन्हा वर आला. वरच्या ओलीने आकडा वाढतो, पण पुस्तकात असंही होतं की जिथे पाणी भेगेतून खोल उतरतं तिथे असा खड्डा दिसू शकतो. मी तिथे चुन्याची फुली मारली.

‘समद्यात जास्ती वजा हितं हाय म्हणतोस?’ नानांनी विचारलं.

‘हो.’

‘आणि बोअर हितंच घ्यायचं?’

‘हो. म्हणजे... शक्यता आहे.’

‘ही कुठली रं शाळा? नापास पोराला पयला नंबर!’ नानांनी तात्यांकडे पाहिलं. ‘आदी म्हनला सुन्नं, आता म्हनतोय सुन्नाच्या बी खाली. आनी तितंच खना म्हनतोय.’

तात्या फुलीकडे बघत होते. ‘सिद्धा, खातरी हाय?’

खात्री हा शब्द पुस्तकात कुठेच नव्हता. मी म्हणालो, ‘यंत्र आता बरोबर मोजतंय तात्या, एवढी खात्री आहे.’

त्यांनी मान हलवली. वस्तीला त्यांनी पुन्हा शब्द दिला. परत जाणारी गाडी ज्या दिवशी येणार होती, त्याच दिवशी आमची तोंडी परीक्षा निघाली. मला जाता येईना.

परीक्षक साताऱ्याहून आलेले होते, जाड चष्म्याचे, हसऱ्या चेहऱ्याचे. सुगडावरचं कुंकू त्यांनी बोटाने घासून पाहिलं. मी उणे व्होल्टेज, अडीचचा आधार, मधला आकडा, सगळं न अडखळता सांगितलं. शेवटी त्यांनी विचारलं, ‘पण पाणी लागलं का?’

‘आज बोअर चालू आहे, सर.’

‘म्हणजे तुमची परीक्षा दोन ठिकाणी चालू आहे,’ ते म्हणाले आणि खूप हसले. इथल्या परीक्षेत त्यांनी मला पास केलं, चांगल्या गुणांनी. तो कागद हातात घेऊन मी फोनच्या बूथवर गेलो. वस्तीत मोबाइल एकट्या नानांकडे, तोही माळावर गेल्याशिवाय लागत नसे. दुपारी लागला नाही. चार वाजता लागला, आणि कुणी उचलला नाही. रणजितने भडंग आणलं, मी ते हातात धरून बसलो. मला सारखं एकच दिसत होतं: पांढऱ्या फुलीवर गाडी उभी आहे, कोरडा धुरळा उडतोय, आणि सगळे धुरळ्याकडे न बघता तात्यांकडे बघतायत.

दिवेलागणीला नानांनी उचलला. मागे इतका गलका होता की मला आधी वाटलं भांडण आहे.

‘लागलं!’ नाना ओरडले. ‘सिद्धा, लागलं रं! बाया चिखलात बसल्याती!’

रणजित माझ्या पाठीत गुद्दे घालत होता. ‘उतारावर, नाना? फुलीवर?’

पलीकडे नाना गलक्यातून बाजूला झाले. मग म्हणाले, ‘न्हाई. तुज्या फुलीवर न्हाई घेतलं.’

‘मग? पाणाड्या आणला?’

‘आरं, कुटला पाणाड्या! गाडी फुलीवर जाया निगाली, तर तुजा बा आडवा. म्हनला, हितं न्हाई, तितं खाली घ्या, बांधाच्या कडंला. मी म्हनलं, मशीन तितं दावतंय व्हय? तर म्हनला, मशीन ऱ्हाऊ द्या, मी सांगतुय. मी म्हनलं, आरं पर तितंच का? तर म्हनला, गाडी वळवाय सोपं हाय.’

‘पण का, नाना? शब्द तर त्यांनी...’

नानांनी आवाज खाली आणला. मला कधी ऐकू न आलेला असा तो आवाज होता. ‘मागनं बाजूला घिऊन इचारलं म्या. म्हनला, नाना, फुलीवर कोरडी गेली तर पोराच्या शिक्शनाला समदी हसतील. माज्या जागंवर कोरडी गेली तर मला हसतील. मला हसल्यात की आदी बी.’

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. ‘नाना, तात्यांना द्या ना जरा.’

‘तात्या कुटला आता!’ नानांचा आवाज पुन्हा चढला. ‘खालच्या वस्तीची मानसं जीप घिऊन आल्याती. पुडच्या शिटावर बसीवला त्याला. लय न्हाई न्हाई म्हनत हुता, पर कोन ऐकतंय? त्यांच्या शिवारात जागा दावाय नेलाय.’